परसदारचा कप

पेडणे तालुक्यातील किनाऱ्याजवळच्या एका गावातून ५२ वर्षांच्या एका वाचक भगिनीने पत्र पाठवले आहे. थोरला मुलगा बोटीवर नोकरीला गेल्यापासून मोकळ्या पडलेल्या दोन खोल्या त्या आणि त्यांचे यजमान ऑक्टोबर ते एप्रिल या काळात परदेशी पाहुण्यांना देतात. सकाळी सोप्यावर चहा घेताना पाहुणे विचारतात, की गोवा खरोखर भारतातच येतो का, तुम्ही गोव्यातल्या असून हिंदू कशा, लग्नाआधी नवऱ्याला पाहिले होते का, उंबऱ्यावर ते चिन्ह कशासाठी, घरात एक भाषा बोलता आणि वर्तमानपत्र दुसऱ्या भाषेतले कसे वाचता. यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच ठाऊक नाहीत, याची त्यांना खंत वाटते. गेल्या फेब्रुवारीत एका जर्मन पाहुणीने मदत म्हणून सगळे कप विसळून फळीवर लावून ठेवले. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंसाठी परसदारच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कपही त्यांत गेला. सासूबाईंनी तो काढून परत कोनाड्यात नेला आणि फळी पुसली. पाहुणीने कारण विचारले, तेव्हा वाचक भगिनींनी "तुटका आहे, कोणाच्या हाताला लागेल म्हणून" असे सांगितले. ती पाहुणी या डिसेंबरमध्ये पुन्हा येणार आहे. खरे सांगणे म्हणजे परक्यांसमोर देशाची अब्रू काढणे, असे यजमानांचे मत आहे. खोटे बोललीस ते चुकले, असे मुलगा फोनवर म्हणतो. "मी काय सांगायला हवे होते?" असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय ताई,

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात माझ्या लक्षात आले, की त्यात "देश" हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि अंगण झाडायला येणाऱ्या बाईंचे नाव एकदाही आलेले नाही. दोष काढण्यासाठी मी हे सांगत नाही. हे पत्र माझ्या हातून लिहिले गेले असते, तर तेही बहुधा असेच उतरले असते. पण तुमची अडचण नेमकी कोठे आहे, हे मला त्या मोजणीने कळले. तुमच्या पाहुणीने देशाविषयी काहीही विचारले नव्हते. तिने एका कपाविषयी विचारले होते. त्या कपाकडे मी शेवटी येईन, कारण आधीचे प्रश्न दर हंगामात झेलणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि त्या प्रश्नांची भीती गेल्याशिवाय कपाविषयी मोकळेपणाने बोलता येणार नाही.

परदेशी माणसाने प्रश्न विचारला, की आपण भारताच्या वतीने उत्तर देतो आहोत, असे तुम्ही धरून चालता. म्हणून उत्तर माहीत नसले की तुम्हाला लाज वाटते, आणि माहीत असले की ते सांगावे की नाही याची धास्ती वाटते. खरे पाहता त्यांनी तुम्हाला विचारले, ते तुम्ही किटली घेऊन समोर उभ्या होतात म्हणून. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे त्यांना फोन सांगतो. चवथीला गणपतीवर टांगायच्या तुमच्या माटोळीला काय काय बांधतात, ते रानातून कोण आणते, आणि आताशा त्यातले काय मिळेनासे झाले आहे, हे फोनला ठाऊक नसते. तेव्हा "भारतात असे असते" हे वाक्य शक्य तितके टाळून "आमच्या घरी असे असते, माझ्या माहेरी थोडे वेगळे होते" असे म्हणण्याची सवय लावून घ्या. उत्तर आटोपशीर होते, आणि त्याची जबाबदारी आपल्याला पेलण्याएवढीच असते. माहीत नसेल तेथे "सासूबाईंना विचारून संध्याकाळी सांगते" असे म्हणण्यात कमीपणा नाही. त्या निमित्ताने सासूबाईंशी चार गोष्टी बोलणे होईल, आणि तुमच्या पत्रावरून तुम्हा दोघींत त्याची गरज दिसते.

शिवाय प्रश्न केवळ ते विचारतात आणि आपण उत्तरे देतो, हेही तितकेसे खरे नाही. पहिले प्रश्न आपणच विचारतो. पाहुण्याची बॅग खाली टेकण्याआधी पासपोर्ट मागून घेऊन, कोठून आलात, पुढे कोठे जाणार, किती दिवस राहणार, हे सारे आपल्याला विचारावे लागते, कारण सगळे ज्याला सी-फॉर्म म्हणतात तो २४ तासांच्या आत भरून पाठवायचा असतो. ते झाले सरकारी काम. त्यापुढचे प्रश्न मात्र आपले स्वतःचे असतात: वय किती, लग्न का केले नाही, मूल एकच का, आई-वडील कोणाकडे असतात.

वीसेक वर्षांपूर्वी मी लिस्बनमध्ये एका वृद्ध बाईंच्या घरी आठ दिवस खोली घेऊन राहिलो होतो. लहानपणी शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये मी दुसऱ्याच दिवशी त्यांना विचारले, की तुम्ही एकट्या का राहता, मुलगा जवळ राहत नाही का. भिंतीवर त्याचा तरुणपणीचा फोटो होता. युरोपात मुले आई-वडिलांना सांभाळत नाहीत, हे माझे उत्तर आधीच ठरलेले होते. त्यांच्याकडून ते फक्त वदवून घ्यायचे होते. बाई पाव कापत होत्या. सुरी न थांबवता त्या म्हणाल्या, "अंगोलात गेला. १९७१ साली." मग लोणी हवे का, असे त्यांनी मला विचारले. अंगोला या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीतले ते स्वातंत्र्ययुद्ध १९६१ मध्ये, म्हणजे आपण मुक्त झालो त्याच वर्षी सुरू झाले आणि १९७४ पर्यंत चालले. त्या बाईंनी आपल्या देशाची बाजू मांडली नाही आणि देशाला नावेही ठेवली नाहीत. घरात जे घडले, ते तेवढे सांगितले. उरलेले दिवस मी त्यांना फक्त जेवणाविषयी विचारत राहिलो.

आता तुमच्या सोप्यावरच्या प्रश्नांकडे वळू. "गोवा खरोखर भारतातच येतो का" याचा राग येणे स्वाभाविक आहे, परंतु पर्यटकाच्या हातातल्या पुस्तिकेत ४५१ वर्षांची पोर्तुगीज राजवट पहिल्याच पानावर असते. आफोंस द आल्बुकेर्कने १५१० मध्ये आजच्या पणजीभोवतीचा तिसवाडीचा भाग घेतला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्यामुळे आकडा बरोबरच आहे. पण तो तिसवाडीचा आहे, तुमच्या गावाचा नाही. पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले ते १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तुमच्या गावाने ती राजवट पावणेदोनशे वर्षांच्या आसपासच पाहिली. एवढे एक वाक्य तुम्ही सांगितलेत, तर "हिंदू कशा" या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच येते. उरलेले उत्तर फोंड्याकडे पाहिल्यावर मिळते. १६ व्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला नेली गेली, कारण नदीपलीकडचा तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. पाहुण्यांना मंगेशीला जायचे असेल, तर ही हकिगत त्यांना आदल्या रात्रीच सांगा. देऊळ पाहून आल्यावर ते तुम्हाला वेगळेच प्रश्न विचारतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ६६ टक्के हिंदू आणि २५ टक्के ख्रिस्ती आहेत, हेही ओघात सांगता येईल, पण त्या आकड्यांपेक्षा शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी मानल्या जातात आणि एकमेकींच्या उत्सवाला तेल-फुले पाठवण्याची रीत आहे, हे ऐकताना पाहुण्याचा चहा हमखास गार होतो, असा माझा अनुभव आहे.

भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्यावर आपल्यातच एकवाक्यता नाही. घरात कोकणी बोलायची, आरती, कीर्तन आणि वर्तमानपत्र मराठीतले, आणि जत्रेतले नाटकही बहुधा मराठीतच, हे तुमच्या-माझ्यासारख्या अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यात काही विसंगती आहे असे आपल्याला कधी वाटत नाही, मग कोणी बाहेरचा विचारतो आणि आपण अडखळतो. अशा वेळी काहीजण स्वित्झर्लंडचा दाखला देतात, की तेथे घरात स्विस बोली बोलतात आणि लिहितात प्रमाण जर्मन. तो दाखला कृपया देऊ नका. त्यातून कोकणी ही मराठीची बोली ठरते, आणि तो वाद आपल्याकडे गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून धुमसत आला आहे. त्यापेक्षा लक्झेंबर्ग बरे. तेथे लोक आपसांत लक्झेंबर्गिश बोलतात, वर्तमानपत्रे पुष्कळशी जर्मन वाचतात आणि कायदे फ्रेंचमध्ये असतात. तरीही तेथल्या कोणाला आपण अर्धवट आहोत असे वाटत नाही. तुमच्या जर्मन पाहुण्यांना तो देश शेजारचा असल्यामुळे हे चटकन उमजेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापरालाही मुभा राहिली, एवढी माहिती पुरे. कोण बरोबर आणि कोण चूक, हे चहाच्या वेळी ठरवण्याची गरज नाही. रात्रीच्या जेवणानंतरही नाही. मी ते करून पाहिले आहे.

उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाविषयी मात्र थोडी काळजी घ्या. जर्मन माणूस ते चिन्ह पाहून थबकतो, ते अज्ञानामुळे नाही. नाझी पक्षाने १९२० मध्ये ते आपल्या झेंड्यावर घेतले, बहुतेक वेळा तिरपे करून, आणि त्यानंतर त्याखाली जे घडले ते त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिले, भोगले आणि काही घरांत केलेही. जर्मनीत आज त्या पक्षाच्या चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनाला कायद्याने मनाई आहे. म्हणून "आमचे हजारो वर्षांचे आहे, तुम्ही चोरलेत" असे हसत म्हणणे टाळावे, जरी त्यातला पहिला भाग खरा असला तरी. पाहुणे जर्मनीहून येणार असतील, तर मी पहिल्या संध्याकाळीच आपणहून सांगतो, की हे "सु" आणि "अस्ति" यांपासून आलेले मांगल्याचे चिन्ह आहे, आम्ही ते रोज रांगोळीने काढतो, आणि तुम्हाला ते पाहून काय आठवते याची आम्हाला कल्पना आहे. एवढ्याने त्यांच्या खांद्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

लग्नाच्या प्रश्नाला उत्तर देणे न देणे सर्वस्वी तुमच्या मनावर आहे. पाहिले होते किंवा नव्हते, तुमचे तुम्हाला ठाऊक. परंतु एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, जी देशातल्या पाहुण्यांनाही नवी असते: गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालू असल्यामुळे कोणत्याही धर्माच्या लग्नाची सरकारी नोंदणी करावी लागते आणि वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्या हिश्श्याचे धनी होतात. हे अभिमानाने सांगा, पण जगाला आदर्श म्हणून मिरवू नका, कारण त्याच जुन्या व्यवस्थेतल्या १८८० च्या हुकूमनाम्यात काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्याची पळवाटही ठेवलेली आहे. जेवणाच्या प्रश्नांविषयी फार लिहीत नाही. "अस्सल भारतीय" म्हणून जे पाहुणे मागतात त्यातली मिरची, बटाटा, टोमॅटो आणि काजू ही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आलेली पिके आहेत, हे सांगितले की गंमत होते, आणि तेवढी पुरेशी आहे.

प्रश्न विचारणारा परका माणूस गोव्याला नवा नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मप्रसारक १५७९ मध्ये येथे आला, इथल्या भाषा शिकला, त्यांचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य असल्याचे त्याने १५८३ मध्ये भावाला पत्राने कळवले, आणि १६१६ मध्ये साष्टी तालुक्यातल्या रायतूरला त्याचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याच्याएवढे बारकाईने आपल्याला कोणी विचारले नसेल. पण तो ज्या व्यवस्थेचा भाग होता, तिनेच साष्टीतली देवळे राहू दिली नव्हती. त्यामुळे कुतूहल चांगले की वाईट, असा सरसकट निवाडा मी करू शकत नाही. विचारणारा मिळालेल्या उत्तराचे काय करणार आहे, हे मात्र पाहावे. ऐकून गप्प बसणारा, मग स्वतःच्या घरातले काही सांगणारा पाहुणा वेगळा, आणि प्रश्न विचारता विचारता कॅमेरा वर उचलणारा वेगळा. या दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्याला "देवघराचा फोटो नको" किंवा "यावर मला बोलायचे नाही" असे सरळ सांगावे. पाहुणचारात तेही बसते. नाही म्हणण्याची सोय आपल्याला आहे हे एकदा कळले, की खोटे बोलण्याची गरज पुष्कळ कमी होते.

हे सगळे तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा, कारण त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. गायी, गारुडी आणि गलिच्छ वस्त्या यांचेच फोटो घेऊन परतणारे पर्यटक आहेत, आणि त्यांच्यासमोर आपला एकेक दोष मांडून ठेवण्याची सक्ती कोणावर नाही. मात्र तुमची पाहुणी पाहणी करायला आली नव्हती. ती कप विसळत होती. आणि देशाच्या अब्रूचाच मुद्दा असेल, तर देशाने आपले मत १९५० मध्ये राज्यघटनेच्या १७ व्या कलमात लिहून ठेवले आहे, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे असे. १९५५ मध्ये त्यासाठी शिक्षेचा कायदाही झाला. तुम्ही खरे सांगितले असते, तर त्यात देशाच्या विरुद्ध काही नव्हते. देशाच्या विरुद्ध कोनाड्यातला कप आहे.

तुम्ही काय सांगायला हवे होते, असे विचारता. मला वाटते असे: "हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा कप आहे. सासूबाई जातीमुळे तो वेगळा ठेवतात. मला ते पटत नाही, पण इतकी वर्षे मी काही केलेले नाही." यातली पहिली दोन वाक्ये सांगणे फारसे कठीण नाही. तिसरे कठीण आहे, आणि ते भारताविषयी नाही, तुमच्याविषयी आहे. फळी पुसली जाताना तुम्हाला जे वाटले, आणि जे तुम्ही पत्रात लिहून पुन्हा खोडले आहे (कागदाच्या मागून ते वाचता येते, ताई), ते त्या तिसऱ्या वाक्याशी जोडलेले आहे.

म्हणून डिसेंबरमध्ये काय सांगावे याची तयारी करण्याआधी घरात काय करावे ते पाहू. पाहुणी येणार म्हणून कप बदलू नका. पाऊस सरेपर्यंत तुमच्या खोल्या रिकाम्याच आहेत, घरात परके कोणी नाही, त्याच दिवसांत बदला. बाईंना चहा आपल्यासारख्याच कपात द्या आणि तो कप इतरांबरोबर विसळून फळीवर ठेवा. सुरुवातीला त्या स्वतःच अवघडतील, कदाचित कप आपणहून धुऊन बाजूला ठेवतील. त्यांना व्याख्यान देऊ नका आणि आपण काही मोठे केले असे त्यांच्यासमोर दाखवू नका. सगळ्यांना कागदी पेले आणण्याची युक्ती अलीकडे काही घरांत निघाली आहे. ती कोनाड्याचीच सुधारित आवृत्ती आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. सासूबाई चिडतील. त्यांच्याशी शास्त्रार्थ करून या वयात उपयोग नाही, आणि त्यांचा अपमानही करायचा नाही. त्यांना एवढेच सांगा, की ज्यांना चालत नसेल त्यांनी हवे तर स्वतःचा कप वेगळा ठेवावा, आम्ही तो सांभाळून ठेवू. वेगळेपणाची अडचण आजवर ज्यांनी सोसली त्यांच्याकडून ती काढून, ज्यांना ते हवे आहे त्यांच्याकडे जाऊ द्या. यजमान त्या दिवशी बाजाराला गेलेले असतील तर काम सोपे होईल, पण आल्यावर त्यांना सांगा. सासूबाईंकडून कळू देऊ नका.

पाहुणी आली, की एखाद्या सकाळी तिला म्हणा, "गेल्या वेळी कपाचे मी खोटे सांगितले होते," आणि खरे सांगा. ती पुढे काही विचारील, जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगा. बाई अंगणात असतील, तर त्यांना पुरावा म्हणून बोलावून तिच्यासमोर उभ्या करू नका, आणि पाहुणीला त्यांच्याशी बोलायचे असेल, तर आधी त्यांना विचारा. तेव्हा तरी त्यांचे नाव घ्यावे लागेल.

राहता राहिले कप. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते डझनाच्या भावाने मिळतात. सहा घेऊ नका, बारा घ्या. सहा घेतलेत आणि दोन-चारांचे कान तुटले, की कोनाडा पुन्हा भरायला वेळ लागत नाही.